एबीएसचा फ्यूज काढण्याआधी

एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम (लॉक) होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा, पिवळा दिवा लागला की आमच्या गोव्यातल्या साखळी-वाळपई भागात पहिला सल्ला ठरलेला असतो: "फ्यूज काढून टाक रे. ब्रेक लागतात ना? मग झालं." दुसरा सल्ला जरा जास्त जाणकार माणूस देतो. तो म्हणतो, मॉड्युलेटरच (एबीएसच्या व्हॉल्व्हचा संच) काढ, पाइप सरळ जोडून घे, कायमची कटकट गेली. हे दोन्ही सल्ले मी ऐकले आहेत आणि दोन्हींतून पुढे काय होतं ते जवळून बघितलं आहे. पहिल्याचं माझ्या गाडीत, दुसऱ्याचं आतेभावाच्या. गोव्यात जुनी पिकअप बाळगणारे पुष्कळ आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

माझी गाडी डबल कॅब, डिझेल, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, चारही चाकांना सेन्सर. बेळगावहून चोर्ला घाटातून भाजी आणायची, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) केळी आणि सुपारी न्यायची, चवथीच्या तोंडावर माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचं) सामान पोचवायचं, असं तिचं काम. म्हणजे ती जाताना भरलेली असते तर येताना रिकामी, किंवा उलट. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पिकअपच्या ब्रेकचा सगळा प्रश्न या भरलेल्या-रिकाम्यातच आहे.

दुखणं असं सुरू झालं. गाडी अगदी हळू करून थांबवताना, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये, पेडलखाली थरथर व्हायची, बॉनेटमधून कर्र असा आवाज यायचा आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकायची. रस्ता कोरडा, डांबर चांगलं, वेग माणसाच्या चालण्याएवढा. अशा वेळी एबीएस चालू व्हायचं काहीच कारण नाही. सिग्नलला पुढच्या स्कूटरच्या मागे थांबताना गाडी पुढे सरकली की पोटात गोळा येतो. नंतर काही दिवसांनी पिवळा दिवाही लागायला लागला.

हे का होतं ते समजून घ्यायला एबीएसचं काम थोडक्यात बघू. प्रत्येक हबवर एक दातेरी रिंग असते आणि तिच्यासमोर साधारण एक मिलिमीटर अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. दात समोरून गेला की गुंडाळीत वीज तयार होते. चाक जितकं जोरात फिरेल तितका सिग्नल मोठा. कंट्रोलर चारही सिग्नल बघतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा अचानक मंदावलं तर ते लॉक होतंय असं समजून मॉड्युलेटरमधले व्हॉल्व्ह त्या चाकाचं ब्रेक ऑइल क्षणभर अडवतात, थोडा दाब सोडतात, पुन्हा देतात. सेकंदात अनेकदा. हेतू एवढाच की चाक फिरत राहावं आणि स्टिअरिंग हातात राहावं. वाळलेल्या, सुट्या खडीवर एबीएसने गाडी लवकर थांबेलच असं नाही, उलट थोडी लांब जाऊ शकते. सत्तरी तालुक्यातल्या कच्च्या रस्त्यांवर आयुष्य घालवलेले चालक एबीएसला नावं ठेवतात त्यात तेवढं तथ्य आहे. पण चोर्ल्याच्या ओल्या वळणावर मला गाडी वळवता आली पाहिजे, आणि लॉक झालेलं पुढचं चाक वळत नाही.

आता माझ्या गाडीत हळू वेगावरच का? कारण हळू वेगाला मुळातच सिग्नल बारीक असतो. सेन्सर रिंगपासून जरा दूर गेला की तो बारीक सिग्नल पार नाहीसा होतो. कंट्रोलरला वाटतं हे चाक लॉक झालं, आणि तो त्याचा ब्रेक सोडतो. चाक फिरत असतं, सेन्सर आंधळा झालेला असतो.

दिवा कधी लागतो यावरूनच अर्धं निदान होतं, आणि याला पैसा लागत नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर दोष गाडी उभी असतानाही दिसणारा आहे: तुटलेली वायर, उडालेला फ्यूज, रिले, सेन्सरची जळलेली गुंडाळी, मॉड्युलेटरचा इलेक्ट्रॉनिक भाग. पण दिवा विझून, गाडी चालायला लागल्यावर परत लागत असेल, तर वायर बहुधा शाबूत आहे आणि सिग्नल खराब येतोय. मग सेन्सरचं अंतर, रिंग, हबचं बेअरिंग इथे शोधा. माझ्याकडे हा दुसरा प्रकार होता. बॅटरी अशक्त असली किंवा अल्टरनेटर कमी चार्ज करत असला तरी दिवा लागतो, ते आधी मीटर लावून बघून घ्यावं. एका एक्सलवर वेगवेगळ्या मापाचे टायर असतील तरीही.

स्कॅनर लावला की कोणत्या चाकाचा सेन्सर ते कळतं. पण कोड म्हणजे सेन्सर मेला असा निकाल नव्हे, त्या कोपऱ्यातून सिग्नल नीट येत नाही एवढंच तो सांगतो. आमच्याकडे कोड निघाला की लगेच नवा सेन्सर मागवतात, तो बसवतात, दिवा तसाच राहतो, आणि मग सगळे फ्यूजकडे वळतात. माझा कोड पुढच्या डाव्या चाकाचा होता. साखळीचा आमचा मेकॅनिक जुन्या वळणाचा, घाई न करणारा. तो म्हणाला, "पात्रांव (मालक), आधी मोजूया."

मोजणं सोपं आहे. कपलर (वायरचा जोड) काढून सेन्सरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला, दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या थोडा वर, जवळजवळ सारखा. या जुन्या प्रकाराला साधारण ८०० ते २००० ओहम चालतं, बाजूच्या चाकाशी जुळलं की झालं. मग जॅक लावून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं. उजवीकडे आकडा छान वर चढला. डावीकडे त्याच्या निम्माही नाही. म्हणजे गुंडाळी चांगली, अंतर वाढलेलं. (नव्या गाड्यांतले सेन्सर वेगळे, त्यांना वरून वीज द्यावी लागते. त्यांचा रेझिस्टन्स मोजत बसू नका, मीटरच्या विजेने ते बिघडू शकतात.) वायर मोजताना ती हलवतही राहावी. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या जागी तार आवरणाच्या आत तुटते, बाहेरून काही दिसत नाही, आणि हलवली की मीटरचा आकडा उडतो.

सेन्सर बाहेर काढला आणि कारण समोर आलं. तो ज्या बिडाच्या बैठकीवर बसतो तिथे गंज भिजलेल्या डाळीसारखा फुगला होता आणि त्याने सेन्सर वर उचलला होता. गोव्यात हे होणारच. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सत्तरीत त्याहून जास्त, किनाऱ्याकडे खारी हवा, आणि खाणपट्ट्यातला लाल चिखल जो एकदा आत गेला की महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो. इकडे सगळेजण खनिजाच्या धुळीला दोष देतात, म्हणतात ती सेन्सरच्या चुंबकाला चिकटते. मला ते पटत नाही. आपलं लोहखनिज मुख्यतः हेमटाइट जातीचं, ते चुंबकाला लोखंडासारखं धरत नाही. माझ्या सेन्सरच्या टोकावर जी काळी लव होती ती ब्रेक डिस्कच्या झिजेची, खऱ्या लोखंडाची. चिखलाचा दोष वेगळा आहे, तो गंज चढवतो.

अडकलेला सेन्सर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, त्याचं प्लास्टिक तुटून अर्धा तुकडा आत राहतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं आणि दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवत वर घ्यावा. आम्ही बैठक कानसाने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ केली, पण धातू स्वतः घासला जाणार नाही इतपतच, पातळ ग्रीस लावलं, टोक पुसलं, जुनाच सेन्सर परत बसवला. मग मीटरवर दोन्ही बाजू सारख्या आल्या आणि थरथर थांबली. नवा सेन्सर घेतला असता आणि त्याच फुगलेल्या गंजावर बसवला असता, तर पैसे जाऊन काहीच बदललं नसतं.

रिंगही त्याच वेळी टॉर्च लावून पूर्ण फिरवून बघावी. तिला केसाएवढी चीर असली तर त्या जागी दात जरा लांब पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा सिग्नल अडखळतो. बेअरिंगला खेळ असेल तर रिंग डुलते आणि अंतर सतत बदलतं, तिथे सेन्सर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. कपलरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तोही साफ करावा. कुळागराजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते बघावं, इकडे हे नेहमीचं आहे.

हे सगळं होईपर्यंत मधले दिवस मी फ्यूज काढून गाडी चालवली, हे खरं. खोटा एबीएस चालू होऊन ब्रेक सोडत असेल तेव्हा तात्पुरता फ्यूज काढणं मला योग्यच वाटतं. वीज गेली की मॉड्युलेटरचे व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी राहतात, आत जाणारा मार्ग उघडा, दाब सोडणारा बंद, म्हणून साधा ब्रेक पूर्ण लागतो. "ब्रेक लागतात ना?" हे म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे.

पण डॅशबोर्डकडे बघा. नुसता सेन्सरचा दोष असताना बहुधा पिवळा दिवा एकटा असतो. फ्यूज काढल्यावर पुष्कळ गाड्यांत पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागतो. तो लाल दिवा ईबीडी गेल्याचं सांगतो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी व्यवस्था. ती त्याच व्हॉल्व्हवर, त्याच सेन्सरांवर चालते. कारमध्ये ती गेली तर थोडं जाणवेल. पिकअपमध्ये फार जाणवतं, आणि लोकांना वाटतं त्याच्या उलट बाजूने. सगळे म्हणतात, रिकामीच चालव, लोड घालू नकोस. पण लोड नसला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, जोराने ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे जातं, आणि मागची चाकं आधी लॉक होतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची लॉक झाली तर गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. म्हणून मी त्या दिवसांत घाटात गेलो नाही, आणि गावातल्या गावात हळूच चालवली.

अमेरिकेतल्या जुन्या पिकअपची आठवण इथे काढावीशी वाटते. चार चाकांचं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या कारवर आणलं, पण फोर्डने १९८७ मध्ये एफ-सिरीज पिकअपना जे एबीएस सरसकट दिलं ते फक्त मागच्या चाकांना होतं. एकच सेन्सर, तोही डिफरन्शियलवर. पिकअप बनवणाऱ्यांना मागची चाकं किती लवकर लॉक होतात हे ठाऊक होतं, म्हणून खर्च करायचा तर आधी तिथे केला.

आता आतेभावाची गोष्ट. तो पेडण्याकडचा, चिरे वाहतो. जाताना गाडी दबलेली, येताना रिकामी. त्याच्या पिकअपचं पेडल सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली जायचं. तेल कुठून गळताना दिसत नव्हतं. एका गॅरेजने सांगितलं, मॉड्युलेटर आतून लीक आहे, नवा परवडणार नाही, बायपास करू. त्यांनी मॉड्युलेटर काढला, पुढच्या दोन चाकांसाठी टी (एका पाइपचे दोन करणारा जोड) घातला, मागचा पाइप सरळ जोडला. पिवळा दिवा लागत राहू नये म्हणून त्याची वायर अल्टरनेटरच्या दिव्याला जोडली, म्हणजे चावी फिरवताना लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. पासिंगला बघणाऱ्याला वाटावं सगळं ठीक आहे. ही गोष्ट मला फार लागली. बायपास केल्याचं आजच्या चालकाला तरी माहीत असतं. उद्या गाडी विकली, किंवा चालक बदलला, तर त्या माणसाला तो दिवा खोटं सांगणार आहे.

पहिल्या पावसात, रिकामी गाडी, उताराचा ओला रस्ता, समोर गुरं आली. मागची चाकं लॉक झाली, गाडी आडवी फिरली आणि मागचा कोपरा चिऱ्याच्या कुंपणाला लागला. कोणाला इजा झाली नाही.

मला त्याने फोन केला, "दादा, जरा येऊन बघ." बघितलं तर बायपास करूनही पेडल खाली जात होतंच. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) दोन्ही तोंडांचे पाइप काढून तोंडं बंद करणारे डमी नट घातले आणि पेडल दाबून धरलं, तरीही ते खाली गेलं. म्हणजे आतून लीक होता तो मास्टर सिलिंडर, आणि मॉड्युलेटरचा दोष होता असं मानायला काहीही पुरावा नव्हता. ही तपासणी मॉड्युलेटर काढण्याआधी करायची असते. डमी नट लावल्यावर पेडल दगडासारखं घट्ट राहिलं तरच पुढे बघायचं, आणि तेव्हाही आधी हौस पाइप, चाकांचे सिलिंडर, मगच मॉड्युलेटर. त्याचा मॉड्युलेटर तोवर भंगारात गेला होता.

आता करायचं काय? एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या कित्येक मॉडेल्समध्ये तीच गाडी एबीएससह आणि एबीएसशिवाय अशी दोन्ही प्रकारांत यायची. बायपास करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर कंपनीने त्याच मॉडेलची बिगर-एबीएस गाडी कशी बनवली होती ते बघावं आणि तशीच्या तशी करावी. आतेभावाच्या मॉडेलच्या बिगर-एबीएस गाडीत मागच्या एक्सलच्या वर लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह होता. चॅसीला अडकवलेला व्हॉल्व्ह, आणि त्यातून एक्सलपर्यंत गेलेला दांडा. लोड भरला की चॅसी खाली बसते, दांडा सरकतो, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी असताना दाब कापतो. एबीएसच्या गाडीत हे काम ईबीडी करत होती, म्हणून तिथे हा व्हॉल्व्ह नव्हता. गॅरेजने इलेक्ट्रॉनिक व्यवस्था काढली आणि तिच्या जागी काहीच घातलं नाही. सगळी चूक या एका जागी आहे.

चॅसीवर त्या व्हॉल्व्हची भोकं तयारच होती. व्हॉल्व्ह आणि बिगर-एबीएस गाडीचे पाइप कंपनीचे मागवले, मास्टर सिलिंडरही त्याच प्रकाराचा, कारण दोन्हींचा बोअर (आतला व्यास) सारखाच असेल असं धरून चालू नये. पाइपची तोंडं नीट फ्लेअर केलेली (फाकवलेली) हवीत आणि नटाचे आटे जुळणारे हवेत. एका जातीच्या फ्लेअरवर दुसऱ्या जातीचा नट आवळला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि जोराच्या ब्रेकला सुटतो. नळकामातले कॉम्प्रेशन जोड किंवा एसीचा तांब्याचा पाइप ब्रेकला कधीच लावू नये. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि गोव्याच्या दमट हवेत ते पाणी शोषतंच. घाट उतरणाऱ्याने दोन वर्षांनी बदलावं. (मॉड्युलेटर ठेवून काम करत असाल आणि त्यात हवा शिरली, तर नुसत्या पेडलने ती निघत नाही. स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून एअर काढावी लागते.)

कायद्याचंही सांगतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. आतेभावाने काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमावाल्यांना लेखी विचारलं, उत्तरं फाइलला लावली. पिवळ्या दिव्याची अल्टरनेटरला जोडलेली वायर तोडून टाकली.

शेवटची अडचण मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची निघाली. चिरे जास्त बसावेत म्हणून त्याने मागे जादा पाटे घातले होते. त्यामुळे भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नव्हती, आणि व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटून मागचा ब्रेक कमी मिळत होता. जादा पाटे उतरवले, दांड्याची लांबी कंपनीच्या मापाला लावली. मग पेडण्याच्या एका मोकळ्या माळावर, पाऊस पडून गेलेला असताना, रिकामी गाडी वीसच्या वेगाला नेऊन ब्रेक दाबला. मी बाहेर उभा राहून चाकं बघत होतो. मागची थोडी आधी थांबत होती. दांड्याचा नट एक आटा फिरवला, परत दाबून बघितलं. मग आणखी अर्धा. आता पुढची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी सरळ राहते.